जुईने वर्गात काय सांगितलं

अनुप : …आणि रणजितने तर दोनदा बघितला. म्हणाला, सहा वर्षांची पोरगी उभी राहून घडाघडा फ्रेंच बोलते आणि आमचं कार्टं आजीला फोनवर 'हाय'च्या पुढे जात नाही. अख्ख्या ऑफिसने बघितला व्हिडिओ, ताई. कुठे आहे ती?

संघमित्रा : शेजारी, शकूकडे. मीच पाठवली. तू बूट काढ आणि इथे बस.

अनुप : बसतो गं. आधी तिला हाक मारतो. माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसपासून इथे अल्बनीपर्यंत नुसती मुंगीच्या पावलाने गाडी, आणि डोक्यात एकच, की घरी गेल्यावर आधी हिला उचलून घ्यायची. हे बघ, डेअरीतून आइस्क्रीम आणलं. तिचं आवडतं.

संघमित्रा : ते फ्रीजरमध्ये ठेव. व्हिडिओ आणखी कोणाला पाठवला तू?

अनुप : नागपूरला, सासूबाईंना. तिकडे सकाळ होती, लगेच फुलं आली, जोडलेले हात आले. त्यांनी पुढे विहारातल्या बायकांच्या ग्रुपवर टाकला. नंदाताईंची नात फ्रेंच बोलते म्हणून. किती दिवसांनी त्या बाईच्या तोंडून काही बरं ऐकलं मी.

संघमित्रा : अरे बापा.

अनुप : काय झालं? शाळेतून काही बोलल्या का? कोणाला मारलं का हिने?

संघमित्रा : कोणाला काही केलं नाही तिने. त्या व्हिडिओत ती काय म्हणते, तुला कळलं का?

अनुप : मला काय कळणार? आपल्या घरात फ्रेंच मृदुलालाच यायचं. फॅमिलीबद्दल असणार. आठवडाभर वर्गात तोच विषय होता ना, शुक्रवारी घरच्यांसमोर बोलून दाखवायचं. 'पापा' ऐकू आलं मला. 'मामाँ' पण. मग तुझ्या टाळ्या.

संघमित्रा : दुसऱ्या कोणाच्या आल्या का ऐकू?

अनुप : नाही. तू फोन धरूनच वाजवत होतीस, बाकी काय ऐकू येणार.

संघमित्रा : बाकी कोणी वाजवल्याच नाहीत. खाली खेळाच्या चटईवर सगळे आईबाप बसलेले, सगळ्यांचे चेहरे उतरलेले, आणि मी एकटी हसून टाळ्या वाजवून राहिले. शेजारी कोणाची तरी फ्रेंच आजी होती. तिने माझा हात धरला. मला वाटलं कौतुकाने धरला. मी तिला म्हटलं, 'माय नीस.' वर मान डोलावली.

अनुप : ताई, सरळ सांग.

संघमित्रा : सरळच सांगते. ती म्हणाली, माझं नाव जुई. माझ्या घरी माझे पापा आहेत आणि मी आहे. माझी आत्या पाहुणी आली आहे. माझी आई मेली आहे, तिचे केस लांब होते. एवढं म्हणून ती खाली बसली. आणि मी टाळ्या वाजवल्या.

अनुप : नाही.

संघमित्रा : अनुप.

अनुप : नाही, चुकली असेल काहीतरी. सहा वर्षांची आहे. घोकून घेतलं असेल त्यांनी, शब्द इकडचा तिकडे झाला असेल. तिला माहीतच नाही, ताई. तिला आपण सांगितलंय की आई आजीकडे आहे, औषधं चालू आहेत.

संघमित्रा : मला पण आधी तसंच वाटलं असतं. पण मला तिच्या मादामनेच सांगितलं. त्या वर्गाच्या दाराशी जमिनीवर निळी पट्टी चिकटवली आहे. पट्टीच्या आत फक्त फ्रेंच, पोरांनी पण आणि त्या बाईने पण. म्हणून मला बाहेर व्हरांड्यात घेऊन आली आणि मग इंग्लिशमध्ये बोलली. पहिलं वाक्य, जुईच्या आईबद्दल फार वाईट वाटलं. मी काय म्हणणार? मी थँक यू म्हटलं.

अनुप : त्या बाईला कोणी सांगितलं? मी शाळेला मेल केला होता, मदर इज इन इंडिया एवढाच.

संघमित्रा : जुईने सांगितलं. सोमवारी. घरी तुमच्याशी फ्रेंच कोण बोलतं, असं मादाम एकेकाला विचारत होती. हिचा नंबर आला तर म्हणाली, आता कोणी नाही, माझी आई मेली. रडली नाही. मादाम म्हणाली, दुसरी पोरं रडली. मादाम पण रडली. हीच सगळ्यांना टिश्यू वाटत होती.

अनुप : पण तिला कोणी सांगितलं, ताई? शकू बोलली का? मी शकूला हात जोडून सांगितलं होतं.

संघमित्रा : शकू नाही. आपण सांगितलं.

अनुप : आपण?

संघमित्रा : तू नागपूरहून परत आला, तेव्हापासून ह्या सोफ्यावर बसून किती फोन केले? रणजितशी, सासूबाईंशी, वेलिंग्टनला माझ्याशी. 'मृदुला आता नाही, हे पोरीला कसं सांगू, ती परत येणार नाही हे कसं सांगू.' आणि पोरगी इथे कार्पेटवर ठोकळे लावत बसलेली. आपण बोलून राहिलो बिनधास्त, का तर मराठीत बोलतोय.

अनुप : तिला तेवढं मराठी… ती उत्तरं सगळी इंग्लिशमध्ये देते.

संघमित्रा : उत्तर इंग्लिशमध्ये देते म्हणून कान बंद असतात का तिचे? 'जेवायला ये' म्हटलं की येते. 'पाय पुसून ये' म्हटलं की पुसून येते. आपण ते कशात म्हणतो? तिच्या डोक्यावरून बोलतोय असं वाटत होतं आपल्याला, आणि सगळं तिच्यासमोर वाढून ठेवत होतो.

अनुप : मी गराजमध्ये जाऊन बोलायचो कधी कधी.

संघमित्रा : रडायला जायचास. बोलायचास इथेच.

अनुप : मग ती मला काहीच का बोलली नाही? एकदा तरी विचारायचं. आई कधी येणार, आई कधी येणार, सुरुवातीला जीव खाल्ला माझा. मग एकदम बंद झालं. मला वाटलं रुळली. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं होतं.

संघमित्रा : ती रुळली नव्हती. तिला कळलं होतं.

अनुप : आणि रविवारचे निरोप? ते तर ती मांडीवर बसून ऐकते. मृदुलाचा आवाज आला की हसते.

संघमित्रा : मला माहीत आहे ती हसते. अनुप, ते निरोप कुठले आहेत?

अनुप : जुनेच आहेत. मृदुला नाइट शिफ्टला असायची तेव्हाचे, मी घरी असायचो, हिला झोपवायला ती पाठवायची. काही इथे घरातच केलेले. जेवलीस का, दात घासलेस का, गुड नाइट पिल्लू. त्यात तारीख कुठे असते? मी म्हणायचो, बघ, आईने नागपूरहून पाठवला.

संघमित्रा : एकात मागे तुमच्या ड्रायरचं गाणं वाजतं. कपडे वाळले की वाजतं ते. तिने मादामला सांगितलं, पापा मामाँचा जुना आवाज लावतात आणि नवा म्हणतात. मादामने विचारलं, मग तू काय करतेस? तर म्हणाली, मी ऐकते, पापांना बरं वाटतं.

अनुप : बस कर.

संघमित्रा : मला पण नाही बोलवत रे. पण अर्धं सांगून काय करू? मंगळवारी वर्गात सगळ्यांनी आईचं चित्र काढलं. दुसऱ्यांची चित्रं भिंतीवर गेली. हिने भिंत नको म्हटलं, खिडकीखालचं बुटकं कपाट मागितलं. त्यावर मृदुलाचं चित्र उभं केलं, पुढे कागदाची मेणबत्ती करून ठेवली. आणि पोरांना सांगितलं, इथे फुलं आणायची असतात. फुलं कुठून आणणार ती, थंडीचे दिवस. एकाने पाइनचं फळ आणलं, एकाने समुद्रावरचे शिंपले. एकाने आपल्या डब्यातलं अर्धं मँडरिन संत्रं ठेवलं. मी बघितलं ते, सुकून गेलं होतं. मला वाटलं विज्ञानाचं काही मांडलं असेल.

अनुप : तू मृदुलाचं चित्र ओळखलं नाहीस?

संघमित्रा : लांब केस, हिरवा ड्रेस. कोणाची पण आई असते तशी. ह्या घरात तिचा फोटो लावायचा नाही असं तूच ठरवलं, मी माझ्या बॅगेत कपड्यांखाली ठेवून फिरतेय. डोळ्यांना सवय राहिली नाही. जेवणाच्या सुट्टीत जुई तिथे हात जोडून बसते म्हणे. काहीतरी म्हणते, आणि मादाम म्हणाली, ते फ्रेंच नाही, इंग्लिश पण नाही, मी तेवढं चालू देते.

अनुप : त्रिशरण.

संघमित्रा : दुसरं काय असणार. नागपूरला विहारात पुण्यानुमोदन झालं तेव्हा दोनशे माणसं जेवली, आणि आपण म्हटलं, सगळं नीट पार पडलं. इथे तिच्या लेकीने एकटीने केलं. दुसऱ्यांची पोरं गोळा करून. घरात तिला जागाच ठेवली नव्हती आपण.

अनुप : मग ती मादाम काय करत होती? एक फोन करता येत नव्हता? माझी मुलगी वर्गात तिच्या आईचं… आणि मला शुक्रवारी कळतंय, ते पण व्हिडिओ फॉरवर्ड करून झाल्यावर.

संघमित्रा : तिच्यावर नको काढू. तिने जुईला विचारलं होतं, पापांना माहीत आहे का तू सांगितलंस ते? जुई म्हणाली, पापांना सगळं माहीत आहे, पण आमच्या घरी ते बोलायचं नसतं. मादामला वाटलं, ह्या लोकांची पद्धत असेल. तिने मला अगदी अदबीने विचारलं. म्हणाली, तुमच्या धर्मात गेलेल्या माणसाचं नाव घरात घेत नाहीत का? आम्हाला ते मोडायचं नव्हतं.

अनुप : तू काय म्हटलंस?

संघमित्रा : काय म्हणू? धर्माचं नाव घेतलं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांनी आपल्याला डोळे उघडे ठेवून बघायला शिकवलं, त्यांची आपण लेकरं, आणि सहा वर्षांच्या पोरीपुढे पडदा धरून बसलो. मी म्हटलं, नाही, आमच्यात असं काही नाही. आम्हीच घाबरलो.

अनुप : मृदुलाच म्हणाली होती, जुईचा वाढदिवस होऊ दे आधी, मग सांग तिला.

संघमित्रा : वाढदिवस झाला.

अनुप : मग तिला ताप आला. मग टर्म सुरू झाली. ताई, मी रोज ठरवायचो. रोज तिला अंघोळ घालताना ठरवायचो की आज. मग ती फेसाची दाढी लावून माझ्याकडे बघून हसायची, आणि मला वाटायचं, हे हसणं आज तरी राहू दे. आणि… तुला म्हणून सांगतो. तिच्याशी बोलताना मृदुला असायची. आई आज काय जेवली असेल, आईला थंडी वाजत असेल का, नागपुरात कुठली थंडी. ते बोलायचो तेवढा वेळ मला पण खरं वाटायचं. तिला सांगितलं असतं तर मग कोणापाशी बोललो असतो मी असं?

संघमित्रा : माहीत आहे रे.

अनुप : चिताग्नी मी दिला, तरी मला वाटायचं.

संघमित्रा : रविवारी माझं विमान आहे वेलिंग्टनचं. सोमवारी ऑफिस. हे असं ठेवून मी जाणार नाही. आज सांग तिला.

अनुप : आता काय सांगायचं राहिलं? तिला माझ्याआधी माहीत आहे सगळं.

संघमित्रा : तिला कळलंय. तू सांगितलं नाहीस. शाळेत ती आई गेलेली मुलगी असते, आणि पट्टी ओलांडून बाहेर आली की शकूला सांगते, माझी मम्मी इंडियात आहे, बरी होतेय. कोणासाठी बोलते ती हे? तुझ्यासाठी. तिचं वय आहे का एवढं ओझं वाहायचं?

अनुप : उद्या सांगतो. उद्या सकाळी बीचवर नेतो तिला, तिथे. आज आइस्क्रीम खाऊ दे. आज इतकं छान बोलली ती… काय बोललो मी. छान बोलली म्हणे.

संघमित्रा : दार वाजलं. आली बघ.

(जुई आत येते. पायांत मोज्यांवर रबरी चपला, हातात चकल्यांची पिशवी.)

जुई : बाबा, यू आर होम! शकूमावशी सेड टेक टू चकल्या, बट आय टुक हीप्स. आत्या, व्हाय इज युअर नोज रेड?

संघमित्रा : रडले म्हणून.

जुई : ओह. बाबा, आर यू सॅड टू? इट्स ओके. आई इज गेटिंग बेटर, राइट? आजी गिव्ह्ज हर सूप एव्हरी डे. शी विल बी फाइन.

अनुप : इकडे ये. चकल्या ठेव तिथे. ये, मांडीवर बस.

जुई : शॅल वी कॉल आजी? वी कॅन कॉल आजी इफ यू वॉन्ट.

अनुप : नको. जुई, आई सूप पीत नाही. आई बरी होत नाहीये. आई मेली, बाळा. मार्चमध्ये. मी गेलो होतो नागपूरला, तेव्हा. मी तुला खोटं सांगितलं.

जुई : …आय नो.

अनुप : मला माहीत आहे की तुला माहीत आहे. मला आज कळलं.

जुई : मादाम टोल्ड ऑन मी?

संघमित्रा : नाही बेटा, चहाडी नाही केली तिने. तिला तुझी काळजी वाटली.

अनुप : तू मला का नाही सांगितलंस, की तुला कळलंय म्हणून?

जुई : बिकॉज देन यू वुड हॅव नोबडी टू प्रिटेंड विथ.

संघमित्रा : मी जरा बाहेर जाते.

जुई : आत्या, नको जाऊ. बस ना.

अनुप : तू मराठी बोलतेस.

जुई : येतं मला थोडं. आई रात्री बोलायची ना. बाबा, मग आता घरी रडलं तर चालेल?

अनुप : चालेल. हवं तेवढं रड. मी पण रडतो.

जुई : आत्ता नाही येत. नंतर येईल. तू मला का नाही नेलं आजीकडे? मी पण आले असते.

अनुप : मला वाटलं तू घाबरशील. आईला तसं बघून.

जुई : मी नसते घाबरले. मला आईला बाय करायचं होतं. एअरपोर्टवर मी केलंच नाही. आई म्हणाली, पापी दे. मी वेट म्हटलं. आय वॉज ऑन द आयपॅड. देन शी वॉज गॉन. बाबा, शी वेटेड आणि मी नाही दिली.

अनुप : नाही गं. तसं नाही झालं. तू मान खाली घालून बसली होतीस, तेव्हा तिने मागून वाकून तुझ्या केसांची पापी घेतली. भांगावर, इथे. तुला कळलं नाही, तू खेळत होतीस. ती हसली, मला म्हणाली, राहू दे तिला. मी बघत होतो.

जुई : खरं?

अनुप : खरं. अगदी खरं.

जुई : खरं खरं, की मला बरं वाटावं म्हणून?

अनुप : खरं खरं, जुई. देवा… कसं सांगू तुला. असंच झालं होतं.

जुई : आत्या, तू होतीस तिकडे? तू बघितलं?

संघमित्रा : मी नव्हते, बेटा. मी वेलिंग्टनला होते.

जुई : आजी होती?

अनुप : आजी नागपूरला होती. आपण तिघंच होतो. तू, मी आणि आई.

जुई : ओके.

अनुप : ह्या एका गोष्टीवर तरी विश्वास ठेव माझ्यावर. ठेवशील ना?

जुई : मला ठेवायचाय, बाबा.